फुंकरकाकांची खिडकी

विज्ञान शाखेच्या इमारतीत तळमजल्याच्या अगदी टोकाला, जिन्याखालून वाकून आत गेलं की एक लांबट खोली लागायची. दारावर ‘काचकाम विभाग’ अशी पाटी होती. विभाग म्हणजे एक टेबल, एक बर्नर, काच फिरवायचं एक जुनं यंत्र आणि एक माणूस. प्रयोगांना लागणारी जी काच बाजारात मिळत नाही, ती हा माणूस करून द्यायचा. नागमोडी नळ्या, पोटात पोट असलेले चंबू, तीन तोंडांच्या बाटल्या. काच ज्योतीत मऊ करायची, रबरी नळीचं टोक दातांत धरायचं आणि हलकेच फुंकायचं. चौतीस वर्षं हेच चाललं होतं. त्यामुळे त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीपुरतं उरलं होतं, आणि प्राध्यापकांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे त्यांना फुंकरकाका म्हणत.

फुंकरीची ख्याती घरीही होती. नातीच्या वाढदिवसाला मेणबत्त्यांच्या जवळपास फिरकायची त्यांना बंदी होती. एकदा तिच्या मदतीला म्हणून त्यांनी एकच फुंकर मारली होती, तर मेणबत्त्यांबरोबर केकवरचं क्रीमही समोरच्या पाहुण्यांच्या चष्म्यावर जाऊन बसलं होतं.

स्वभावाने माणूस लोण्यासारखा. पोरंपोरी फुटलेली काच रुमालात बांधून, तोंड पाडून यायची. काका तुकडे उलटसुलट करून बघत आणि म्हणत, “फुटली म्हणजे वापरली तरी. कपाटात ठेवलेली काच काय, शंभर वर्षं टिकते. बस, चहा घे.” मात्र एका बाबतीत ते ताठ होते. काच ते नुसत्या नजरेने ओळखत. पांढऱ्या कागदावर चकती उभी धरायची आणि तिची कड बघायची. साध्या काचेची कड हिरवट दिसते, क्वार्ट्झची, म्हणजे शुद्ध वाळू वितळवून केलेल्या काचेची, निळसर पांढरी. एवढासा फरक, पण त्यांना तो पलीकडच्या टेबलावरून कळायचा. म्हणून एका मापाच्या सगळ्या चकत्या ते एकाच खणात टाकत. कुणी म्हणालंच, “काका, चिठ्ठ्या लावा ना,” तर म्हणत, “चिठ्ठ्या तुम्ही लावा. मला डोळे आहेत.”

एके दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या प्राध्यापकबाई खाली आल्या, त्या हातात कुंडी घेऊनच. बाई तशा घाईच्या; बोलताना अर्धं वाक्य जिन्यातच होऊन जायचं. त्यांच्या मागे त्यांची विद्यार्थिनी होती. बारीक चणीची, बारीक आवाजाची. सगळे तिला चिमणी म्हणत आणि तिनेही ते केव्हाच मान्य करून टाकलं होतं.

“काका, हे झाड कुठे बघतंय?” बाईंनी कुंडी टेबलावर ठेवत विचारलं.

“खिडकीकडे.”

“याचे डोळे कुठे आहेत?”

काकांनी कुंडी एकदा पूर्ण फिरवून पाहिली. “पानांत असणार, दुसरीकडे कुठे जागाच नाही.”

“बरोबर! पान उजेड खातं हे शाळेत सगळेच शिकतात. पण ते उजेड ओळखतंही. कुठून येतोय, कोणत्या रंगाचा आहे, थेट सूर्याचा आहे की शेजारच्या झाडातून गाळून आलेला. रंगावरून ते ठरवतं, उंच व्हायचं की गप्प बसायचं. खायचं काम पानातला एक भाग करतो आणि ओळखायचं दुसरा. आम्हाला दोन्ही कामं एकाच तुकड्याकडून करून घ्यायचीत.”

मग चिमणीने खिशातून एक डबी काढली. आत नखाएवढा राखाडी तुकडा होता. त्यावर म्हणे अब्जावधी तारा गवतासारख्या उभ्या होत्या, केसाचे हजार भाग केले तर एका भागाएवढ्या बारीक. प्रत्येक तारेचा शेंडा एक रंग खाणारा, बुंधा दुसरा. तुकडा पाण्यात बुडवून त्यावर उजेड टाकला की त्या तारा पानासारखंच पाणी फोडायला लागणार आणि तेवढ्यातून वीज वाहणार. जांभळा उजेड पडला तर वीज एका दिशेला, आणि डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण पडले तर उलट दिशेला. मीटरचा काटा डावीकडे गेला की जांभळा, उजवीकडे गेला की अतिनील. बॅटरी नाही, काही नाही.

“म्हणजे जेवता जेवताच बघायचं,” काका म्हणाले. “आमची नात तेच करते. तिला आम्ही ओरडतो आणि तुम्ही त्याचं संशोधन करता.”

बाई खळखळून हसल्या. त्यांना हवी होती मुठीएवढी काचेची पेटी. आत पाणी राहील, वायर आत जाईल आणि समोर एक गोल खिडकी असेल. खिडकी क्वार्ट्झचीच हवी, कारण साधी काच ते अतिनील किरण वाटेतच अडवते.

“ते मला सांगायला नको,” काका म्हणाले.

आठ दिवसांत त्यांनी तीन पेट्या दिल्या. अशा देखण्या, की बाईंनी एक आपल्या टेबलावर नुसती शोभेला ठेवली. खिडक्यांसाठी खणातून काकांनी सहा चकत्या निवडल्या होत्या. तीन पेट्यांना रबरी कडं घालून स्क्रूने आवळल्या, तीन जादाच्या म्हणून एका पत्र्याच्या डबीत ठेवून दिल्या.

आणि तिथून चिमणीचे वाईट दिवस सुरू झाले. जांभळा दिवा लावला की काटा शहाण्यासारखा डावीकडे जाई. अतिनील दिवा लावला की मेल्यासारखा पडून राही. तिने भट्टीत तारा पुन्हा वाढवल्या. मग तिसऱ्यांदा वाढवल्या. पाणी बदललं, दिवा बदलला, वायरी बदलल्या, मीटर बदललं. दोन महिने गेले, तिसरा सरत आला. दुपारी ती खाली येऊन काकांच्या स्टुलावर बसायची, कारण बर्नरमुळे तिथे ऊब असे आणि तिथे कुणी तिला ‘काय झालं का?’ असं विचारत नसे.

“माझं पान आंधळं आहे, काका,” ती एकदा म्हणाली.

“अर्धं आंधळं. डावीकडचं दिसतं की त्याला.”

“मीच काहीतरी मूर्खपणा करतेय. सापडत नाही एवढंच. सोमवारी बाईंना सांगणार आहे, मला दुसरा विषय द्या म्हणून.”

काकांनी बर्नरची ज्योत वाढवली. त्यांनी तिच्यासाठी काचेचा एक बोटभर हत्ती फुंकला. तिने तो घेतला, ‘छान आहे’ म्हणाली आणि डोळे पुसत वर निघून गेली. हत्तीची सोंड डावीकडे वाकडी झाली होती, हे काकांच्या लक्षात आलं नव्हतं.

तिकडे घरी गेले काही आठवडे वेगळीच कुरबूर चालली होती. काकू कपडे बेतून, उसवून, दुरुस्त करून द्यायच्या. चौकापर्यंतच्या सगळ्या विजारींची लांबी त्यांना तोंडपाठ. काकांना त्यांनी गडद निळा रीळ आणायला पाठवलं तर काका काळा घेऊन आले.

“अहो, हा काळा आहे.”

“निळा आहे. दिव्यात तसा दिसतो.”

काकूंनी त्यांना खिडकीशी नेऊन रीळ नाकासमोर धरला. काका म्हणाले, “निळाच आहे.” पुढच्या आठवड्यात पांढऱ्याऐवजी पिवळसर रीळ आला. मग काकांनी तक्रार केली की स्वयंपाकघराची भिंत धुराने पिवळी पडलीय. भिंतीला रंग देऊन महिनाही झाला नव्हता. काकूंनी भिंतीवरून हात फिरवून पाहिला. दुसऱ्या दिवशी जेवायला वाढताना म्हणाल्या, “डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. शनिवारी दहाला. कारणं काय द्यायची ती आत्ताच देऊन टाका, म्हणजे शनिवारी उशीर व्हायचा नाही.”

काकांनी तीन-चार कारणं दिली. काकूंनी शांतपणे ऐकून घेतली आणि शनिवारी पावणेदहाला दोघं दवाखान्यात बसलेली होती.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी काकांच्या डोळ्यांत थेंब घातले, अर्धा तास बसवून ठेवलं, मग दुर्बिणीसारख्या यंत्रातून बराच वेळ आत पाहिलं. “ज्योतीसमोर काम करता? तरीच. अशा कामात हे लवकर होतं. मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे. पण घाबरू नका, आतला पडदा उत्तम आहे, अगदी ठणठणीत. फक्त पुढचं भिंग पिवळं पडलंय. त्यातून निळा-जांभळा उजेड आत पोचतच नाही, मग पडदा तरी बिचारा काय करणार? खिडकी बदलली की झालं.”

काका खुर्चीत पुढे सरकले. “काय म्हणालात? काय बदलली की?”

“खिडकी. म्हणजे भिंग. साधी शस्त्रक्रिया असते हो.”

काकूंना वाटलं, शस्त्रक्रियेचं नाव ऐकून त्यांचं धाबं दणाणलं. त्यांनी त्यांचा हात धरला. बाहेर पायरीवर आल्यावर काका म्हणाले, “अगं, मला विभागात जायचंय.”

“आत्ता? डोळ्यांत थेंब घातलेत. समोरचा खांब तरी दिसतोय का?”

“नाही. म्हणूनच तू चल.”

काकूंनी एवढ्या वर्षांत त्या खोलीत दोनदाच पाऊल टाकलं होतं. काकांनी मात्र कुलूप, दिवा, गॅसचा नळ सगळं हातानेच शोधलं. बर्नर पेटला तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. ज्योत डोळ्यांत सुईसारखी टोचत होती. डाव्या हाताच्या फळीवरून त्यांनी खात्रीच्या क्वार्ट्झची एक कांडी उचलली आणि चिमट्यात धरून ज्योतीत घातली.

“काय दिसतंय, सांग.”

“पांढरं. अगदी झगझगीत पांढरं.”

“वाकतंय?”

“छे. काठीसारखं ताठ उभंय.”

“बरं. आता ती पत्र्याची डबी उघड. त्यातली एक चकती दे.”

चकती त्यांनी आधी लांबूनच शेकली, एकदम तापली तर तडकली असती. हळूहळू ज्योतीच्या जवळ नेली, मग आत.

काकू वाकून बघू लागल्या. मग म्हणाल्या, “ज्योत पिवळी झाली हो. केशरी-पिवळी. आणि हे मेलं वाकतंय. आता थेंब गळेल बघा.”

काकांनी दुसरी मागितली. तीही वाकली. तिसरी त्यांनी मागितलीच नाही, काकूंनीच आपणहून हातात ठेवली, आणि तीही मेणासारखी लवली. काकांनी गॅस बंद केला आणि स्टुलावर बसले.

“ही साधी काच आहे, क्वार्ट्झ असं वाकत नाही. या तीन आणि वरच्या पेट्यांतल्या तीन मी एकाच वेळी निवडल्या होत्या. तारा ठीक आहेत, दिवा ठीक आहे, पोरगी तर ठीक आहेच. खिडकी माझी होती.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “सोमवारी लवकर येतो. खिडक्यांना ओरखडे आलेत असं सांगून बदलून टाकतो. डोळ्यांमुळे असं झालं हे कळलं तर काय म्हणतील? निवृत्तीपर्यंत कोण विश्वासाने काम देईल मला?”

“आणि ती चिमणी?”

“तिचं काम होईलच की. काटा फिरेल.”

“काटा फिरेल हो. पण तीन महिने ती स्वतःला मूर्ख समजतेय, असं तुम्हीच मला सांगितलंत. ते कोण बदलणार?”

काकांनी दोन्ही हातांनी तोंड चोळलं. मग उठून कोपर पुढे केलं. “जिना दाखव. पायऱ्या मोज माझ्यासाठी.”

चिमणी शनिवारीही वर होती. खोक्यात सामान भरत होती. सोमवारच्या आधीच आवरून ठेवावं म्हणून. दारात फुंकरकाका, डोळे चोळत, आणि त्यांचा हात धरलेली एक अनोळखी बाई बघून ती गोंधळली. काकांनी प्रस्तावना केली नाही.

“तुझं पान आंधळं नाही गं. मी त्याच्यासमोर झापड लावून ठेवली होती. खिडकी क्वार्ट्झची नाही. माझे डोळे गेलेत, मला कड ओळखता आली नाही, आणि ते मला आज कळलं. तुझे तीन महिने मी खाल्ले.”

चिमणीने खोकं बाजूला सारलं. मग तिने पेटीचे स्क्रू काढले, चकती पुसली आणि बाजूच्या यंत्रात ठेवली. कोणता उजेड काचेतून पार होतो आणि कोणता अडतो, ते दाखवणारं यंत्र होतं ते. पडद्यावरची रेघ जांभळ्यापर्यंत सरळ आली आणि पुढे कड्यावरून पडावी तशी खाली कोसळली. दोन मिनिटांचं काम.

“हे मी पहिल्याच दिवशी तपासायला हवं होतं,” ती पुटपुटली. “सगळं तपासलं मी. पाणी चार वेळा तपासलं. खिडकी तेवढी नाही, कारण... कारण ती तुम्ही केली होती.”

काकांना ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

बाईंना फोन गेला. पंधरा मिनिटांत त्या घरच्याच कपड्यांत, सायकलवरून धापा टाकत आल्या. सगळं ऐकून खुर्चीत बसल्या. “तारा वाढवायची भट्टी मी आतापर्यंत दोनदा उघडून बघितली, काका. ती विकणाऱ्या लोकांना तर मी इतकं बोललेय, की आता माफीचं पत्र लिहावं लागेल.” मग त्यांना हसू फुटलं. आधी बारीक, मग आवरेना. “आणि तुम्ही? डॉक्टरांकडून थेट इथे? घरी जाऊन जेवलात तरी का?”

“जेवण कुठलं,” काकू म्हणाल्या. “यांना पानाची काळजी.”

काकांचा अख्खा खण वर आणला गेला. अकरा चकत्या. काकांनी चिमणीला बजावलं, “माझं ऐकू नकोस. एकेक यंत्रात घाल.” अकरांपैकी चार क्वार्ट्झच्या निघाल्या. कडं कसं बसवायचं, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे कसे आवळायचे, ते काका सांगत गेले आणि हात चिमणीचे चालले. पाणी भरलं. पेटी काळ्या खोक्यात ठेवून झाकण लावलं, म्हणजे किरण कुणाच्या डोळ्यांत जायला नकोत. मीटर तेवढं बाहेर. आधी जांभळा दिवा.

“डावीकडे गेला,” काकूंनी काकांच्या कानाशी सांगितलं. काकांना मीटरच्या जागी नुसता पांढरा गोळा दिसत होता.

चिमणीने दिवा बदलला. कुणी काही बोलेना.

“काय झालं? अगं, सांग ना काय झालं.”

“मधे आला... थांबा... उजवीकडे गेला हो! चांगला गेला. टोकाशी जाऊन थरथरतोय.”

चिमणी खाली जमिनीवरच बसली आणि तोंडावर ओंजळ धरून रडायला लागली. बाईंनी दिवे पुन्हा बदलले, पुन्हा बदलले. काटा डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. पंधरा वेळा तरी बघितलं असेल. काकू प्रत्येक वेळी सांगत होत्या आणि काका प्रत्येक वेळी ‘हं’ म्हणत होते. शेवटी चिमणी उठली, नाक पुसलं आणि काकांच्या समोर येऊन म्हणाली, “तुम्ही सोमवारी गुपचूप बदलली असती तर मला कळलंही नसतं.”

“तोच विचार होता,” काका म्हणाले. “ही आडवी आली.”

दोन आठवड्यांनी काकांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढली तेव्हा काकू समोर बसल्या होत्या. काका त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले.

“तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?”

“तुम्ही बघत नव्हतात तेव्हा,” काकू म्हणाल्या. “दुसरा डोळा राहू द्या हवा तर तसाच.”

आणि खरंच, दुसऱ्या डोळ्याला काका महिनाभर टाळाटाळ करत राहिले. एक डोळा मिटायचा, आकाश बघायचं. मग दुसरा मिटायचा, तेच आकाश पुन्हा बघायचं. एका डोळ्यातून ते चहात बुडवल्यासारखं दिसे, दुसऱ्यातून इतकं निळं की त्यांना हसू येई. रस्त्यात, रांगेत, बाईंच्या बैठकीतही हा खेळ चाले. नवीन लागलेल्या कारकूनबाईंचा तर भलताच गैरसमज झाला आणि काकूंना येऊन खुलासा करावा लागला. त्यानंतर काकूंनी स्वतःच तारीख ठरवली.

काकांनी पुढे निवृत्तीपर्यंत दीड वर्ष काम केलं. लोकांनी कामही पुष्कळ दिलं. ते घाबरले होते तसं काही झालं नाही. चिमणी मात्र तेव्हापासून प्रत्येक चकती यंत्रात घालून बघायची, आणि काकांनी दिलेली असेल तर दोनदा. काका तिला म्हणायचे, “बघ, बघ. नीट बघ.” आणि ती बघून होईपर्यंत, तिचं हो किंवा नाही येईपर्यंत, स्टुलावर बसून राहायचे.